मिठाचा रेणू शोधून सापडायचा नाही

ओव्हन नसलेल्या घरात केक करायची एक जुनी युक्ती आहे. कुकरच्या तळाशी वाटीभर मीठ पसरायचं, शिटी आणि रिंग काढून ठेवायची, आत जाळी आणि जाळीवर केकचं भांडं. पाऊण तासानं केक फुगून तयार. आता तळातलं मीठ पाहा. जरा कोरडं, जरा करडट झालं असेल, पण वितळलं नाही, करपलं नाही. त्याच जागी साखर पसरली असती तर तिचं काळंकुट्ट डांबर घासण्यात संध्याकाळ गेली असती.

मिठाचा द्रवणांक आहे ८०१ अंश सेल्सिअस. कुकर ज्या ॲल्युमिनियमचा असतो, ते ६६० अंशांनाच वितळतं. म्हणजे कुणी हट्टानं आच वाढवत नेली, तर मिठाच्या आधी कुकर वितळेल!

इतका चिवटपणा या पांढऱ्या चुरीत येतो कुठून? सोडियम हा सुरीनं कापता येणारा मऊ धातू, ९८ अंशांना वितळणारा, पाण्यात टाकला तर पेट घेणारा. क्लोरीन हा हिरवट पिवळा विषारी वायू, १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडला गेलेला. दोघे एकत्र आले आणि त्यातून वरण-भाताची चव निघाली. रसायनशास्त्रात मला याहून थक्क करणारी गोष्ट सापडलेली नाही, आणि तिचं रहस्य आहे मांडणीत.

एका खड्यात किती?

पाण्याचा रेणू असतो, साखरेचा असतो. मिठाचा नसतो. मिठाच्या कणात ‘हा सोडियम या क्लोरीनचा’ अशी जोडी दाखवताच येत नाही. प्रत्येक सोडियम आयनाला (आयन म्हणजे प्रभार असलेला अणू किंवा अणुगट) सहा क्लोराइड आयन, म्हणजे क्लोरीनचे आयन, चिकटून असतात: वर-खाली, डावी-उजवीकडे, पुढे-मागे. प्रत्येक क्लोराइडलाही तसेच सहा सोडियम शेजारी. यातला नेमका कोण कुणाचा? सगळे सगळ्यांचे.

अंगणातली ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. एक ठिपका पांढरा, पुढचा हिरवा, असं आलटून पालटून. आता त्या रांगोळीवर दुसरी रांगोळी, त्यावर तिसरी, पण प्रत्येक थरात रंग एका घरानं सरकवलेले. झाला मिठाचा स्फटिक. दोन शेजारी ठिपक्यांमधलं अंतर ०.२८२ नॅनोमीटर. या हिशेबानं ०.३ मिलिमीटर बाजूच्या एका बारीक कणाच्या नुसत्या कडेवर दहा लाखांहून जास्त ठिपके बसतात. तेवढेच रुंदीत, तेवढेच उंचीत. दहा लाख गुणिले दहा लाख गुणिले दहा लाख: एकावर अठरा शून्यं. चिमटीतून निसटून ओट्यावर पडलेला आणि फडक्यानं पुसून टाकलेला तो एक कण!

‘बिचारं मीठ!’

ही मांडणी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या मदतीनं उलगडली विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स ब्रॅग या बापलेकांनी. १९१५ चं भौतिकीचं नोबेल दोघांना मिळून मिळालं, तेव्हा लॉरेन्स पंचवीस वर्षांचा होता.

पण सगळ्यांना हे पटलं नाही. हेन्री आर्मस्ट्राँग हे इंग्लंडमधले जुनेजाणते रसायनशास्त्रज्ञ. आयन नावाच्या कल्पनेशीच त्यांचं आधीपासून वाकडं. १९२७ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात एक पत्र छापून आणलं. शीर्षक साधारण असं: ‘बिचारं मीठ!’ मिठात सोडियम क्लोराइडचा रेणूच नाही, आहे ती बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी, हे त्यांना अगदी असह्य झालं होतं. मला या आजोबांचा राग येत नाही. जो माणूस आयुष्यभर रेणू मोजत आला, त्याला अचानक ‘इथे रेणूच नाही’ म्हणून सांगितलं, तर तो भांडणारच.

तोट्याचा सौदा

शाळेत शिकवतात ते असं. सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन जास्तीचा, क्लोरीनला एक कमी. एकानं दिला, दुसऱ्यानं घेतला, दोघांची अष्टकं पूर्ण, दोघेही खूश.

आकडे मात्र वेगळं बोलतात. एक मोल सोडियमच्या अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन उपटायला ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडते. ते इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंनी घेतले की परत मिळतात ३४९. निव्वळ तोटा १४७ किलोज्यूलचा. एकट्या देवाणघेवाणीवर हा व्यवहार उभाच राहिला नसता.

नफा येतो तो नंतर. इलेक्ट्रॉन दिलेला सोडियम झाला धन आयन, घेतलेला क्लोरीन झाला ऋण आयन, आणि हे सगळे जण एकमेकांना खेचत त्या रांगोळीत जाऊन बसले की तब्बल ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. मघाचा तोटा भरून निघतो आणि वर भरपूर उरतं. आयनिक संयुग टिकतं ते जोडीच्या नाही, जमावाच्या जोरावर. एर्विन माडेलुंग यांनी १९१८ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की तेवढ्याच अंतरावरच्या एकट्या जोडीपेक्षा मिठाच्या स्फटिकातली ओढ जवळपास पावणेदोन पट असते.

या व्यवहारात अंगकाठीही बदलते. इलेक्ट्रॉन गमावलेला सोडियम जवळजवळ निम्म्यावर येतो आणि क्लोरीन फुगून पावणेदोन पटींच्या पुढे जातो. मिठाच्या खड्यात जागा खाऊन बसलेला असतो तो क्लोरीनच.

हातोडी मारा, पण नीट बघा

खडेमिठाचा मोठा खडा घ्या आणि बत्त्यानं एक टोला द्या. तो चेपत नाही, वाकत नाही, तडकतो. तांब्याची तार ठोकली की चपटी होते. मीठ का होत नाही?

उत्तर त्या दोन रंगांच्या ठिपक्यांतच आहे. टोल्यानं एक थर जेमतेम एका घरानं सरकला की पांढऱ्यासमोर पांढरा, हिरव्यासमोर हिरवा येतो. क्षणापूर्वी एकमेकांना धरून बसलेले थर एकमेकांना ढकलायला लागतात आणि खडा त्याच रेषेवर दुभंगतो. म्हणून तुटलेल्या तुकड्यांचे कोनही बऱ्याचदा काटकोनी निघतात.

दोनाचे चार

सोडियम फ्लोराइड आणि मॅग्नेशियम ऑक्साइड. दोघांची मांडणी मिठासारखीच, आयनांमधलं अंतरही जवळपास सारखं. फरक इतकाच, की पहिल्यात प्रत्येक आयनावर एकेक प्रभार आहे, दुसऱ्यात दोन-दोन. दोन गुणिले दोन, ओढ चौपट. परिणाम? पहिलं सुमारे ९९५ अंशांना वितळतं, दुसऱ्याला लागतात सुमारे २,८५० अंश.

हे दुसरं तुमच्या न्हाणीघरात आहे. गीझरच्या कॉइलमध्ये तापणारी तार आणि बाहेरची धातूची नळी यांच्या मधे मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. ती उष्णता पाण्याकडे जाऊ देते, वीज मात्र अडवते. तिचे आयन आपापल्या जागी इतके घट्ट बसलेले असतात की प्रभार वाहून न्यायला मोकळं कुणीच नसतं. कोरड्या मिठातूनही वीज याच कारणानं जात नाही. पण तेच मीठ वितळवा किंवा पाण्यात विरघळवा, की आयन सुटे होतात आणि वीज वाहते.

आयन आणि उत्तरायण

१८०७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी दाहक पोटॅशमधून वीज सोडली आणि चांदीसारखे चकाकते थेंब बाहेर आले. तो पोटॅशियम होता, माणसानं पहिल्यांदा पाहिलेला. आनंदानं डेव्ही खोलीभर नाचले, असं त्यांचे चुलतभाऊ आणि मदतनीस एडमंड डेव्ही यांनी सांगून ठेवलं आहे. काही दिवसांतच त्यांनी सोडियमही मिळवला.

द्रावणातून विजेच्या ओढीनं चालत जाणाऱ्या या कणांना नाव मात्र डेव्हींच्या शिष्यानं दिलं. मायकेल फॅरेडे यांनी केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांचा सल्ला घेतला आणि १८३४ मध्ये ‘आयन’ हा शब्द रूढ केला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘जाणारा’. आता आपल्या संस्कृतातला ‘अयन’ आठवा. उत्तरायण म्हणजे सूर्याचं उत्तरेकडे जाणं, दक्षिणायन म्हणजे दक्षिणेकडे. ग्रीक आणि संस्कृत या बहिणी भाषा, आणि ‘जाणे’ या अर्थाचा दोघींचा धातू मुळात एकच. ज्यानं आयन हा शब्द पाठ्यपुस्तकात परका म्हणून घोकला, त्यानं तो संक्रांतीच्या दिवशी घरातच ऐकलेला असतो.

मीठ पाण्यात पडताच आपोआप आयनांमध्ये सुटतं, वीज सोडायचीही गरज नसते, हे म्हणण्याचं धाडस केलं स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी, १८८४ च्या प्रबंधात. उप्सालाच्या परीक्षकांनी त्यांना जेमतेम पास केलं. सोडियम पाण्यात सुटा होऊन पेट न घेता पोहतो, हे पटणार तरी कसं? पण सोडियमचा अणू वेगळा आणि सोडियमचा आयन वेगळा. एका इलेक्ट्रॉनच्या फरकानं स्वभाव पार पालटतो. त्याच कामासाठी अऱ्हेनियस यांना १९०३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

कल्हईवाल्याचा पांढरा धूर

आयनिक संयुग म्हणजे धातू अधिक अधातू, ही व्याख्या पाठ असलेल्यांसाठी एक अपवाद: नवसागर. म्हणजे अमोनियम क्लोराइड. यात धातूचा पत्ताच नाही, तरी ते अस्सल आयनिक आहे, कारण नायट्रोजन आणि हायड्रोजन मिळून बनलेला अमोनियम गटच धन आयनाचं काम करतो.

कल्हईवाला दारात बसायचा, भाता चालवायचा, तांब्या-पितळेचं भांडं निखाऱ्यावर तापवायचा आणि त्यात नवसागराची पूड टाकायचा. भसकन पांढरा धूर. मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्यानं फिरवला की भांडं आरशासारखं लखलखायचं. त्या धुरातच सगळी गंमत होती. नवसागर तापला की वितळत बसत नाही, सरळ अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंमध्ये फुटतो. हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरचा ऑक्साइडचा मळ खाऊन टाकतो, खाली स्वच्छ धातू उघडा पडतो आणि २३२ अंशांना वितळणारं कथील त्यावर चपखल बसतं. उरलेले दोन वायू वर हवेत पुन्हा भेटतात, पुन्हा नवसागर होतात. आपल्याला दिसणारा पांढरा धूर तो हाच.

तुरटीच्या पोटात पाणी

हातात कोरडी ठणठणीत वाटणाऱ्या तुरटीचं ४५ टक्के वजन पाण्याचं असतं. पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांच्या या दुहेरी सल्फेटात पाण्याचे बारा रेणू मांडणीतच गुंफलेले आहेत. तव्यावर टाकली की ९२ अंशांच्या आसपास ती स्वतःच्याच पाण्यात विरघळते, खदखदते, फुगते आणि शेवटी हलकी, पोकळ, पांढरी ‘तुरटीची लाही’ उरते. आजीच्या बटव्यातला हा शब्द रसायनशास्त्राच्या दृष्टीनंही चोख आहे.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ का बसतो? मातीच्या बारीक कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. तुरटीतला ॲल्युमिनियम आयन तीन धन प्रभार घेऊन येतो आणि हे भांडण मिटवतो. कण एकत्र येतात, गोळे होतात, तळाशी जातात.

द्राक्षचोर आणि मोरचूद

१८८२ मध्ये फ्रान्समधल्या मेदोक भागात अलेक्सिस मिलार्दे हे वनस्पतिशास्त्रज्ञ द्राक्षबागा पाहत हिंडत होते. केवडा रोगानं बागा झोडपल्या होत्या, पण रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्यागार. चौकशी केली तेव्हा कळलं, की येणारे-जाणारे द्राक्षं तोडतात म्हणून बागवाल्यांनी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी मारलं होतं. पाहूनच कुणी तोंडात घालू नये! चोर थांबले आणि बुरशीही थांबली. १८८५ मध्ये मिलार्दे यांनी ते मिश्रण जगापुढे ठेवलं. तेच आपल्या नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांच्या रोजच्या तोंडातलं बोर्डो.

एक टक्का बोर्डो करायचं तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लीटर पाणी. आणि मग शेतकऱ्याची चाचणी: विळ्याचं स्वच्छ पातं त्यात बुडवायचं. बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस थर आला, तर मोरचुदातल्या तांब्याचे आयन अजून मोकळे आहेत, पानं जळतील. चुन्याची निवळी आणखी घालायची. लोखंड इलेक्ट्रॉन देतं, तांब्याचा आयन ते घेऊन पुन्हा धातू होतो आणि पात्याला चिकटतो. प्रयोगशाळेत विद्युत-रसायन म्हणून शिकवतात ते बांधावर विळ्यानं होतं. मोरचूद लोखंडी बादलीत भिजवायचा नाही, यामागचंही कारण हेच.

बाप्पा विरघळत का नाहीत?

‘आयनिक संयुगं पाण्यात विरघळतात’ हे वाक्य परीक्षेत मार्क देतं, पण अनंत चतुर्दशीनंतर नदीकाठी गेलं की खोटं ठरतं. तिथे न विरघळलेल्या मूर्तींचं प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे अर्धवट पाणी असलेलं कॅल्शियम सल्फेट. पाणी मिळालं की त्याचं जिप्सम होऊन घट्ट बसतं, आणि जिप्सम लीटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं. विरघळणं ही रस्सीखेच आहे. एकीकडे आयनांची आपसातली ओढ, दुसरीकडे प्रत्येक आयनाला वेढून बाहेर नेणारी पाण्याची ओढ. मिठात पाणी जिंकतं, जिप्समपाशी जवळजवळ हरतं.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं यावर काढलेला उपाय मला मनापासून आवडतो. पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालायचं आणि मूर्ती बुडवायची. आता आयनांची अदलाबदल सुरू होते. कॅल्शियमला कार्बोनेट मिळतं आणि दोघे पांढरा साका होऊन तळाशी बसतात. सल्फेटला अमोनियम मिळतं आणि ते पाण्यातच राहतं. बुडबुडे येतात ते कार्बन डायऑक्साइडचे. लहान मूर्ती दोनेक दिवसांत विरून जाते, आणि वर उरतं अमोनियम सल्फेटचं पाणी, म्हणजे खत, पातळ करून झाडांना घालण्याजोगं. पुणे महापालिकेनं गणेशोत्सवात ही पूड नागरिकांना वाटली आहे. जे काम नदीला जमत नव्हतं, ते बादलीत जमलं, तेही नुसते आयनांचे जोडीदार बदलून.

झटपट काही

आमटी उतू जाऊन गॅसवर सांडली की निळी ज्योत पिवळीधमक होते. तो रंग मिठातल्या सोडियमचा, ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा. दिवाळीच्या फटाक्यात लाल म्हणजे स्ट्रॉन्शियमचे क्षार, हिरवा म्हणजे बेरियमचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आइस्क्रीमचा लाकडी पॉट फिरवताना बर्फात खडेमीठ घालायचो, कारण बर्फ आणि मिठाचं नेमकं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. नुसता बर्फ शून्यावर अडतो.

जलसंजीवनीत साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज सोडियम आयनाचा हात धरून आत जातं आणि त्यांच्या मागोमाग पाणी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजच्या साध्या पाण्यावर कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले.

आणि सगळीच आयनिक संयुगं दगडासारखी नसतात बरं! १९१४ मध्ये पॉल वाल्डेन यांनी नोंदवलेलं इथाइलअमोनियम नायट्रेट १२ अंशांनाच वितळतं. नाशिकच्या थंडीत गोठेल, एरवी बाटलीत तेलासारखं हिंदकळेल. त्याचा धन आयन इतका बेढब असतो की नीटनेटकी रांगोळी जमतच नाही.

पावसाळ्यातली बरणी

जुलै उजाडला की कोकणात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलावा ओढून विरघळू लागतं. पण कच्च्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड असतं, आणि ते ३३ टक्क्यांवरच पाघळतं. खरा गुन्हेगार ते.

हे मॅग्नेशियम येतं मिठागरातून. समुद्राचं पाणी वाफ्यांमधून फिरवत आटवलं की क्षार एकदम नाही, ठरलेल्या क्रमानं बाहेर पडतात. आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, आणि पाण्याची घनता बोमे या मापानं २५ च्या आसपास पोचली की मीठ. उरलेलं कडवट पाणी मॅग्नेशियमचं, ते वेळेवर काढून टाकायचं. रसायनशास्त्राचं एकही पुस्तक न उघडता कित्येक पिढ्या आगरी माणसांनी समुद्रातले आयन असे एकेक करून वेगळे केले.

बरणीत तांदळाचे चार दाणे टाकायची पद्धत त्या ओलाव्यावरच. पाकिटातल्या मिठावर कधी ‘५३६’ हा आकडा दिसला तर तो पोटॅशियम फेरोसायनाइडचा. नावात सायनाइड आहे, पण ते लोखंडाला इतकं घट्ट बांधलेलं असतं की सुटत नाही. लेशमात्र घातलं की मिठाचे कण एकमेकांना चिकटायचे थांबतात. आयोडीनही आपल्याकडे आयोडेटच्या रूपात घालतात, कारण आपल्या दमट हवेत ते आयोडाइडपेक्षा जास्त टिकतं.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असेल, तर चमचाभर मीठ अर्ध्या वाटी कोमट पाण्यात विरघळवा, स्टीलच्या ताटलीत पातळ पसरा आणि दोन दिवस हलवू नका. पाणी उडून गेल्यावर भिंग घेऊन बसा. कडेकडेनं इवले इवले चौकोन दिसतील, काही तर पायऱ्यापायऱ्यांनी आत खोलगट गेलेले. कुणी कापले नाहीत, कुणी घासले नाहीत. हाच प्रयोग दुसऱ्या ताटलीत तुरटी घेऊन करा. तिथे चौकोन येणार नाहीत, दोन पिरॅमिड तळाशी जोडल्यासारखे आठ पैलूंचे आकार येतील. मुलांना बोलवा. फक्त हे काम मार्च-एप्रिलमध्ये उरका. आषाढात ताटली वाळायची नाही.